'आशियाई संस्कृती आणि समाज' हा पदवीचा मुख्य विषय म्हणून घ्यावा का?

प्रश्न

पदवीसाठी 'आशियाई संस्कृती आणि समाज' हा मुख्य विषय घेण्याचा माझा विचार जवळजवळ पक्का झाला आहे. इतिहासाची आणि भाषांची ओढ पहिल्यापासून आहे. परंतु अभ्यासक्रम वाचल्यावर मन साशंक झाले. चीन, जपान, कोरिया, आग्नेय आणि पश्चिम आशिया हे सगळे तीन-चार वर्षांत शिकायचे, तर हाती नेमके काय लागणार? भाषा कोणती निवडावी आणि पुढे काय करता येते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

तुमची शंका रास्त आहे. मी हाच विषय शिकले आणि पहिल्या वर्षी मलाही सगळे वरवरचे वाटले होते. एक प्रदेश आणि एक भाषा धरून खोलात शिरल्यावरच विषय उलगडू लागला. एक उदाहरण देते. कोरियाचा राजा सेजोंग याने १४४३ मध्ये नवी लिपी तयार केली आणि १४४६ मध्ये ती प्रसृत झाली. मधल्या काळात, १४४४ मध्ये, छ्वे मल्ली आणि इतर दरबारी विद्वानांनी तिला लेखी विरोध केला. मंगोल, जपानी, तिबेटी यांना स्वतःच्या लिप्या आहेत, पण ते रानटी आहेत. चिनी अक्षरे सोडली तर आपणही त्यांच्याच पंगतीला जाऊन बसू, असा त्यांचा युक्तिवाद होता. हे एक निवेदन नीट वाचायचे, तर भाषा, चीनशी असलेले संबंध आणि विद्येवर कोणाचा हक्क होता हा प्रश्न, हे सारे एकदम समजून घ्यावे लागते. असे वाचन शिकवणारा विभाग मिळाला, तर हा विषय निःशंकपणे घ्या.

प्रतिसाद २

भाषेविषयी थोडे सविस्तर लिहितो. मराठी भाषकाला जपानी किंवा कोरियन वाक्यरचना परकी वाटत नाही, कारण दोन्हींत क्रियापद शेवटी येते आणि विभक्तीचे काम करणारे शब्द नामानंतर लागतात. 'वाताशि वा होन ओ योमिमासु' म्हणजे 'मी पुस्तक वाचतो', क्रम तोच. कस जपानी लिपीत लागतो: नित्य वापरासाठीच्या अधिकृत यादीत २,१३६ चित्राक्षरे आहेत आणि त्यांतील अनेकांचे उच्चार एकाहून अधिक. इंडोनेशियन भाषा रोमन लिपीत लिहितात आणि तिच्यात 'भाषा', 'गुरू', 'पुत्र' असे शब्द थोड्या बदलाने भेटतात, म्हणून मूळ मजकुराशी तुलनेने लवकर गाठ पडते. अरबी निवडल्यास ग्रंथांतील भाषा आणि रोजच्या बोली वेगवेगळ्या शिकाव्या लागतील, याची तयारी ठेवा.

प्रतिसाद ३

पुढील वाटचालीसाठी अर्थशास्त्र, कायदा किंवा संख्याशास्त्र असा एखादा जोडविषय अवश्य घ्या. भाषांतर, संग्रहालये, पत्रकारिता, परराष्ट्र सेवा आणि संशोधन ही क्षेत्रे खुली आहेत. मात्र नुसत्या पदवीपेक्षा भाषेवरील प्रभुत्वच तेथे अधिक उपयोगी पडते.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शेवटच्या वर्षी मूळ भाषेतील उतारे वर्गात वाचून घेतात का, असे मी विभागाला आजच लिहून विचारले आहे. होकार आला, तर जपानी घेईन आणि जोडविषय म्हणून अर्थशास्त्र.