बर्लिनचं ज्यू स्मारक, उड्या मारणारं पोर आणि आपले 'मस्त मस्त'

मृण्मयी_प
सहलीच्या धाग्यावर एका सभासदांनी बर्लिनचे फोटो टाकलेत. ब्रांडेनबुर्ग गेटच्या शेजारी, खून झालेल्या युरोपीय ज्यूंचं स्मारक आहे. तिथे त्यांचा मुलगा एका काँक्रीटच्या ठोकळ्यावरून दुसऱ्यावर उडी मारतोय आणि खाली ओळ आहे, 'बर्लिनचा भन्नाट भूलभुलैया, तोही फुकट!' प्रतिसादांत नुसतं 'मस्त', 'गोड पिल्लू'. एकालाही खटकलं नाही, म्हणून वेगळा धागा काढतेय.

साठ लाख माणसं मारली गेली. त्यांच्यासाठी २७११ ठोकळे उभे केलेत. कडेला गुडघ्याएवढे, आत जावं तसतशी जमीन खचत जाते आणि ठोकळे पावणेपाच मीटरपर्यंत चढतात. मी आत शिरले तेव्हा दहा पावलांत रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज दबला, पुढे चालणारी मैत्रीण दिसेनाशी झाली आणि खरंच धस्स झालं. शहराच्या मधोमध आहे, कुंपण नाही, म्हणून ती खेळायची जागा होत नाही. आपल्या आजोबांच्या समाधीवर पोर नाचलं तर आपण फोटो काढू का?

भटक्या_सोलापूर
ताई, तो फोटो माझा. लपवत नाही. मुलगा आठ वर्षांचा आहे. आम्ही गेलो तो सोमवार होता, जमिनीखालचं माहिती केंद्र बंद. वर ना कुणाचं नाव, ना तारीख, ना पुतळा. आजूबाजूला लोक ठोकळ्यांवर बसून सँडविच खात होते, समोरच्या रस्त्यावर आइस्क्रीम मिळत होतं. जर्मनांना चालतं ते तुम्हाला इथे बसून का टोचतं? आणि मुलांच्या फोटोवर असं जाहीर बोलायची ही कुठली पद्धत?

श्प्रेकाठी
मी बर्लिनमध्ये राहतो, ऑफिसला त्याच रस्त्याने जातो. मृण्मयीताई, समाधीची उपमा इथे लागू होत नाही. त्या ठोकळ्यांखाली कुणीही पुरलेलं नाही आणि हे खुद्द पीटर आयझेनमनने सांगितलंय, ज्याने हे स्मारक रचलं. २०१७च्या जानेवारीत शाहाक शापिरा या इस्रायली वंशाच्या लेखकाने तिथल्या बारा सेल्फी उचलल्या आणि त्यांतल्या हसऱ्या माणसांच्या मागे छळछावणीतल्या प्रेतांचे फोटो जोडून ते इंटरनेटवर टाकले. जगभर गाजलं. सेल्फीवाल्यांनी माफी मागितली, त्याने पान काढून टाकलं. तेव्हाही आयझेनमन सेल्फीवाल्यांच्या बाजूने बोलला. मुलं पळणार, लोक ऊन खात बसणार, ही काही पवित्र भूमी नाही, असं त्याचं म्हणणं.

मला ते पटतं. कुंपण घातलं असतं तर शाळेची सहल वर्षातून एकदा आली असती आणि बाकी शहर वळसा घालून गेलं असतं. आता रोज हजारो माणसं त्याला घासून जातात.

मृण्मयी_प
रचनाकार म्हणजे मालक नव्हे. स्मारक सांभाळणाऱ्या प्रतिष्ठानचे नियम आहेत आणि त्यांत एका ठोकळ्यावरून दुसऱ्यावर उडी मारायला स्पष्ट मनाई आहे. आरडाओरडा, मद्य, सायकल यांनाही. रोज जाता ना तिथून?

लेआ रोश या पत्रकार बाईने १९८८ साली ही मागणी लावून धरली, संसदेचा ठराव व्हायला १९९९ उजाडलं आणि उद्घाटन २००५च्या मे महिन्यात झालं. मध्ये २००३ साली काम थांबलं. का? कुणी रंगाने लिहून विद्रूप करू नये म्हणून ठोकळ्यांवर जो लेप देत होते तो देगुसा कंपनीचा होता आणि विषारी वायूच्या कोठड्यांत वापरलेलं त्सिक्लॉन-बी त्याच देगुसाच्या उपकंपनीने पुरवलं होतं. शेवटी लेप तोच राहिला, पण एका लेपावरून तो समाज इतका तळमळला. आणि आपण 'भन्नाट भूलभुलैया' लिहून पुढच्या फोटोकडे.

तळेगावकर
सगळं ज्ञान युरोपच्या स्मारकांबद्दल! १९४३च्या बंगालच्या दुष्काळात लाखोंनी माणसं मेली, त्यांचं स्मारक कुठे आहे ते सांगा. २०२१ला जालियनवाला बागेचं नूतनीकरण केलं. ज्या अरुंद बोळातून डायर शिपाई घेऊन आत शिरला, तिथे चकचकीत शिल्पं लावली. मी आधीही पाहिलं होतं, नंतरही. आधी त्या बोळात पाय अडखळायचे, आता लोक शिल्पांजवळ उभं राहून सेल्फी घेतात. तेव्हा कुणी धागा काढला नाही. आधी आपलं बघा.

अनु_ब
आपलं बघायचं तर हेही बघा. आपल्याकडे हिटलर म्हणजे 'शिस्तीचा माणूस'. माझ्या शाळेतले इतिहासाचे सर वर्गात म्हणायचे, देशाला असा एक हिटलर हवा. आम्ही मान डोलवायचो. त्याचं आत्मचरित्र आजही फुटपाथवर स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांशेजारी रचलेलं असतं. २००६ साली खारघरमध्ये हिटलरच्या नावाचं हॉटेल निघालं होतं, स्वस्तिक आणि पोस्टरसकट! ज्यू समाजाने आवाज उठवल्यावर नाव बदललं. त्या वर्गातून आलेला माणूस बर्लिनला जाऊन आणखी काय लिहिणार?

तळेगावकर
हिटलरचं समर्थन कुणीच करत नाही. पण इंग्रजांना त्याने जेरीस आणलं हा इतिहास आहे. नेताजी त्याला भेटले होते, ते काय मूर्ख होते?

अनु_ब
नेताजी मदत मागायला गेले होते आणि १९४२च्या भेटीत स्वातंत्र्याला पाठिंब्याचा जाहीर शब्दही मिळाला नाही. हिटलरने स्वतःच्या पुस्तकात लिहून ठेवलंय की इतर कुणाहीपेक्षा हिंदुस्तान इंग्रजांच्याच ताब्यात राहिलेला त्याला बरा. पुस्तक विकत घेतात, वाचत कुणी नाही.

तळेगावकर
मला वाचन शिकवू नका. तुमच्या वयापेक्षा जास्त वर्षं वाचतोय.

रेवदंडेकर
सहसा इथे लिहीत नाही. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. अलिबागला आमच्या वस्तीला इस्रायल आळी म्हणतात, घरात बोली मराठी. आमच्या घरातलं कुणी छळछावणीत गेलं नाही. धर्मावरून आम्हाला या मातीत कुणी बोट लावलं नाही आणि इस्रायलमधल्या लोद शहरातल्या आमच्या नातेवाइकांना मी हे छाती फुगवून सांगतो.

खारघरचं ते हॉटेल निघालं तेव्हा मी वाशीला नोकरीला होतो. डबा खाताना विषय निघाला. शेजारचा मित्र, ज्याच्या मुलीच्या बारशाला मी गेलो होतो, तो म्हणाला, "अरे, नावच तर आहे, जेवण कसं आहे ते बघ." सगळे हसले. मी डबा बंद केला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं हे मला ठाऊक होतं आणि म्हणूनच बोलता येईना.

तळेगावकर, ही गोष्ट 'त्यांची' नाही. आकाशवाणी सुरू होताना जी धून वाजते ती बांधणारा वॉल्टर कॉफमन १९३४ साली जीव वाचवायला मुंबईत आलेला ज्यू होता. लहानपणी तुमच्याही घरात रोज सकाळी ती वाजली असेल.

भटक्या, तुमच्या मुलावर माझा काही राग नाही. आठ वर्षांचं पोर ठोकळा दिसला की चढणारच. माझा राग त्या ओळीवर आहे. ती त्याने लिहिली नाही.

श्प्रेकाठी
रेवदंडेकर, यावर वाद घालवत नाही. उड्यांच्या नियमाचा मुद्दाही मृण्मयीताईंचा, घ्या. पण नियम आहे म्हणून स्मारक चालतं असं मी मानणार नाही. नावं नाहीत ही भटक्यांची तक्रार मला रास्त वाटते. माझ्या इमारतीसमोर फुटपाथवर पितळेचे चार छोटे चौकोन बसवलेत, गुंटर डेमनिगने सुरू केलेल्या उपक्रमातले. इथे कोण राहत होतं, जन्म कधी, कुठे नेऊन मारलं, एवढंच. ९ नोव्हेंबरला, १९३८च्या ज्यूविरोधी हिंसाचाराच्या स्मृतिदिनी, तळमजल्यावरच्या आजी ते घासून लख्ख करतात. त्यावरून चालताना मला आयझेनमनच्या ठोकळ्यांपेक्षा जास्त कळतं.

मृण्मयी_प
'त्यावरून चालताना' हाच तर वाद आहे. म्युनिकमध्ये सार्वजनिक फुटपाथवर ते बसवू देत नाहीत. तिथल्या ज्यू समाजाच्या अध्यक्ष शार्लोट क्नोब्लोख स्वतः नाझी काळातून वाचलेल्या आहेत. मेलेल्यांची नावं पुन्हा बुटांखाली येणार, असा त्यांचा आक्षेप. तुम्हाला ज्यातून जास्त कळतं, तेच त्यांना सहन होत नाही.

आणि बर्लिनमध्येही नावं आहेत. स्मारकाखालच्या माहिती केंद्रात एका खोलीत एकेका माणसाचं नाव आणि थोडक्यात आयुष्य वाचून दाखवतात. सगळी नावं तशी वाचायला साडेसहा वर्षं लागतील. सोमवार होता हे मान्य, पण मंगळवारही येतो.

भटक्या_सोलापूर
मंगळवारी सकाळी प्रागची गाडी होती. चार जणांची तिकिटं बदलायला तुम्ही पैसे देणार होता का?
ओळ बदलली आहे. रेवदंडेकरांसाठी बदलली, या धाग्यासाठी नाही. फोटो राहणार.

मृण्मयी_प
ओळ बदललीत ते बरं केलंत. फोटो राहतोय तोवर माझा आक्षेपही राहील. रेवदंडेकरांनी मुलाला मोकळं सोडलं, मीही सोडते. पण पोर चढल्यावर 'खाली ये' म्हणायचं सोडून कॅमेरा काढला कुणी?

तळेगावकर
कॉफमनचं माहीत नव्हतं, ठीक आहे. पण बंगालच्या दुष्काळाचं उत्तर अजून कुणीही दिलेलं नाही. रात्री जालियनवाला बागेवर स्वतंत्र धागा काढतोय, आधीच्या आणि आताच्या फोटोंसकट. बघू तिथे किती जण येतात.