देवाने बोलावलं तर घरात विचारायचंच नाही का? (ग्रुपवरच्या त्या पोस्टला उत्तर)

सातपूरकर
गेल्या आठवड्यापासून मंडळीच्या (चर्चच्या) ग्रुपवर एक पोस्ट फिरतेय. लिहिणाऱ्याचं म्हणणं असं की देवाचं पाचारण, म्हणजे सेवेसाठी हाक, आलं की प्रश्न विचारणं हाच अविश्वास, बायकोला आईबापाला विचारत बसाल तर पाचारण निघून जाईल, अब्राहामाने सारेला विचारलं होतं का? खाली सगळ्यांचं आमेन आमेन. मी ग्रुपवर सहसा बोलत नाही, पण आमच्या मंडळीतला एक तरुण, अंबडला चांगल्या कंपनीत आहे, घरात लहान मूल आहे, तो ही पोस्ट वाचून राजीनामा टाईप करून बसलाय आणि बायकोशी या विषयावर बोलायलाच तयार नाही. म्हणतो प्रभूने सुरगाण्याकडे, पाड्यांवर सेवेला जायला सांगितलंय. म्हणून सविस्तर लिहितो.

अब्राहामाने प्रश्न विचारले नाहीत हे कुठे लिहिलंय? उत्पत्ति १२ मध्ये तो ७५ व्या वर्षी सांगितल्याबरोबर निघाला, मान्य. पण १५ वा अध्याय उघडा. तोच अब्राहाम देवाला विचारतो की मी निःसंतान आहे, तू मला काय देणार, आणि हा देश मला मिळेल हे मी कशावरून समजू. देव रागावला नाही, करार केला त्याच्याशी. १८ मध्ये तर सदोम शहर वाचवायला किती नीतिमान माणसं पुरतील, यात पन्नासपासून दहापर्यंत खाली आणलं त्याने देवाला.

आणि यिर्मया ३२. यरुशलेमेला बाबेलच्या सैन्याचा वेढा, हा स्वतः कैदेत, आणि देव सांगतो की अनाथोथचं शेत विकत घे. याहून अजब आज्ञा कुठली? पण नीट वाचा. देवाने आधी सांगितलं की तुझा चुलतभाऊ शेत विकायला तुझ्याकडे येईल, मग तो खरंच आला, आणि तेव्हा यिर्मया म्हणतो की हे परमेश्वराचं वचन आहे हे मला कळलं. त्यानंतर १७ शेकेल तोलून दिले, खरेदीखत केलं, साक्षीदार घेतले, मोहोर लावली, कागद मडक्यात सुरक्षित ठेवायला लावले. लहान शमुवेलाला तर तीनदा वाटलं की त्याचा गुरू, याजक एलीच हाक मारतोय, चौथ्या वेळेला ऐकायचं कसं ते एलीने सांगितलं. अंत्युखियाला शौल आणि बर्णबाला पाठवायचं ते पवित्र आत्म्याने मंडळी उपास करत होती तेव्हा सांगितलं.

आणि १ राजे १३ का कोणी उपदेशात घेत नाही? एक म्हातारा संदेष्टा देवाच्या माणसाला म्हणतो मलाही देवदूताने सांगितलंय, माझ्या घरी जेवायला चल. खोटं बोलला. त्या बिचाऱ्याने विश्वास ठेवला आणि परतीच्या वाटेवर सिंहाने मारला त्याला. "प्रभूने मला तुझ्याबद्दल सांगितलंय" म्हणणारे पाहुणे प्रीचर आले की मला हाच अध्याय आठवतो.

देव अचानक बोलावतो यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण ज्याच्या ताटातली भाकरी कमी होणार त्याला विचारायचं नाही, ही शिकवण देवाची नाही.

सुरगाणा_सेवक
सातपूरकर भाऊ, तुम्ही वचनं बरोबर दिलीत पण सोयीची निवडलीत. फिलिप्पाचं काय? प्रेषितांची कृत्ये ८. शोमरोनात एवढं मोठं काम चाललेलं, लोक बरे होतायत, शहरभर आनंद, आणि दूत सांगतो गज्जाच्या रानातल्या वाटेवर जा. का ते सांगितलं नाही. कोण भेटणार तेही नाही. उठला आणि गेला, एका रथातल्या हबशी अधिकाऱ्यासाठी. विश्वासणाऱ्यांचा छळ करणाऱ्या शौलाकडे जायला सांगितलं तेव्हा शिष्य हनन्या एकदाच बोलला की प्रभू, या शौलाबद्दल मी फार वाईट ऐकलंय, देव म्हणाला जा, आणि गेला. कुठली कमिटी बसली होती?

मी स्वतः सातपूरला शिफ्टमध्ये होतो. सोडून इकडे आलो तेव्हा वडील बोलायचे बंद झाले, मंडळीतले मोठे म्हणाले आधी फ्लॅटचं कर्ज फेड मग सेवा कर. फेडत बसलो असतो तर अजून फेडतच असतो. इथे पावसाळा संपला की अर्धा पाडा द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे उतरतो, पोरं शाळेतून गळतात, म्हातारी माणसं मागे एकटी राहतात. त्यांच्या चुलीपाशी बसून प्रार्थना करायला नाशकातून कोण येतंय? सगळे विचारविनिमयच करतायत.

आणि आपली गीतं लिहिणारे कवी रेव्हरंड ना. वा. टिळक घ्या ना, आपलेच आहेत. १८९३ ला ट्रेनमध्ये एका अनोळखी गोऱ्या माणसाने नवा करार हातात दिला, मनापासून वाच, दोन वर्षांत ख्रिस्ती होशील म्हणाला. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईला बाप्तिस्मा. बायकोला, लक्ष्मीबाईंना विचारलं असतं तर झाला असता का? मग मराठी मंडळीने आज गायलं काय असतं?

देवळालीची_मावशी
हे बरं झालं लक्ष्मीबाईंचं नाव काढलंत. आता नीट ऐका सेवक भाऊ.

लक्ष्मीबाई आपल्या जलालपूरच्या. नवऱ्याने धर्म बदलला ते त्या बाईला न विचारता. त्या काळात सोवळ्यातल्या घरातली बाई, पदरात लहान मुलगा, नवरा जिवंत असून नसल्यासारखा, लोकांच्या नजरा. चार-पाच वर्षं वेगळी राहिली. तिने स्वतः लिहून ठेवलंय सगळं, वाचताना पोटात कालवतं. आणि तुम्ही म्हणता विचारलं असतं तर झालं नसतं, म्हणजे विचारलं नाही तेच बरं केलं?

माझं सांगते. आमच्याकडे बाहेरून एक प्रीचर आले होते, उपास प्रार्थनेत यांच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले प्रभू तुला पूर्णवेळ सेवेत बघतोय. मी शेजारीच बसलेली, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. यांनी नोकरी सोडली, पीएफ त्या प्रीचरच्या कामात दिला. ते प्रीचर परत कधी आले नाहीत, फोनसुद्धा उचलला नाही. मी कॅम्पात ब्लाउज शिवून दोन मुलींची शिक्षणं केली. हे आता सिक्युरिटीला उभे राहतात नाईटला. प्रभूवरचा माझा विश्वास तसूभर हलला नाही, पण कोणी स्टेजवरून "विचारू नका" म्हणालं की माझं रक्त उकळतं.

सुरगाणा_सेवक
मावशी, वाईट वाटलं ऐकून. पण ते पाचारण देवाचं नव्हतंच, माणसाचं होतं. खोट्या नोटा निघतात म्हणून खऱ्या नोटा जाळायच्या का?

देवळालीची_मावशी
आता कळलं ना खोटं होतं ते? त्या दिवशी कोण सांगणार होतं? मी सांगितलं असतं! मला त्या माणसाचं बोलणं पहिल्या दिवसापासून पटलं नव्हतं. पण मला विचारायचंच नाही असा नियम, कारण मी बायको, माझी शंका म्हणजे सैतान. तुमच्या त्या खऱ्या-खोट्या नोटा ओळखायला देवाने घरातच माणूस दिलेलं असतं भाऊ.

नोटप्रेस_रिटायर्ड
दोघांनीही शांत घ्या. माझा मुद्दा वेगळाच आहे. पाचारण म्हटलं की राजीनामाच का डोळ्यासमोर येतो? नाशिकरोडला आमच्या मंडळीत संडे स्कूलला शिकवायला माणूस मिळत नाही. आजाऱ्याला भेटायला पास्टर एकटेच स्कूटरवर फिरतात. तरुण पोरं गिटार घेऊन स्टेजवर हवी असतात, पण म्हाताऱ्या विधवा बाईला डायलिसिसला घेऊन जायचं पाचारण कोणाला येत नाही. मी प्रेसमध्ये आयुष्य काढलं, रोज सकाळी गेटच्या आत जाताना प्रार्थना करायचो, ते काय देवाच्या हाकेबाहेर होतं? जिथे आहेस तिथे राहा हीसुद्धा हाक असते, १ करिंथ ७ वाचा.

शरणपूर_गल्ली
काका बरोबर, पण नाशिककरांनी असं म्हणू नये. नाशकातल्या आपल्या शरणपूर या मिशनच्या वस्तीचा इतिहास बघा. गुलामीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे मिशनमध्ये शिकली, सुतारकाम लोहारकाम शिकली. त्यातली काही १८६६ ला मिशनरी आणि संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टनबरोबर आफ्रिकेत गेली. नंतरच्या तुकडीत इथेच शिकलेला जेकब वेनराईट होता. १ मे १८७३ ला लिव्हिंगस्टन वारला, तेव्हा चुमा, सुसी, जेकब या त्याच्या सोबतच्या लोकांनी त्याचं काळीज तिथेच झाडाखाली पुरलं, प्रार्थना जेकबने वाचली, आणि देह किती महिने चालत समुद्रापर्यंत आणला. १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये दफन झालं तेव्हा पेटीला खांदा देणाऱ्यांत जेकब होता. आपल्या शरणपूरचा पोरगा! पुढे १८७५ च्या सुमारास इथले बरेच जण आफ्रिकेत मोम्बासाजवळ फ्रेअरटाऊनला, गुलामीतून सुटलेल्यांच्या वस्तीत गेले. घरदार इथे जमलेलं, तरी गेले.

सातपूरकर
अभिमान मलाही आहे, पण ते गेले की त्यांना पाठवलं? मिशनने वाढवलेली मुलं, नाही म्हणायची किती मोकळीक होती त्यांना? देह वाहून न्यायचा निर्णय मात्र त्यांचा स्वतःचा, सांगायला कोणी साहेब तिथे उरलाच नव्हता. मला त्या सगळ्या हकिकतीत तेवढंच खरं आज्ञापालन वाटतं.

शरणपूर_गल्ली
तुम्हाला प्रत्येक गोष्टीत मिशनची खोड काढायची सवय आहे. त्या मिशनमुळे आपण वाचायला शिकलो.

सुरगाणा_सेवक
शरणपूर नंतर. मावशींना उत्तर द्यायचंय. होय, मीही बायकोला विचारलं नव्हतं. सांगितलं. पहिला अख्खा पावसाळा ती पंचवटीला माहेरी होती. मी बोलवायला गेलो नाही, देवावर सोपवलं. मग एक दिवस ती स्वतः एसटीने आली, कोणी आणलं नाही. आज पाड्यावरच्या बायका माझ्याकडे येत नाहीत, तिच्याकडे येतात. मी थांबलो असतो तर हे झालं असतं का? लक्ष्मीबाईसुद्धा शेवटी आल्याच ना, १९०० ला बाप्तिस्मा घेतला, टिळक गेल्यावर त्यांचं अर्धवट राहिलेलं ख्रिस्तायन हे येशूच्या जीवनावरचं काव्य पुढे नेलं. म्हणजे टिळकांनी ऐकलं तेच बरोबर होतं.

देवळालीची_मावशी
ती आली हा तिचा विश्वास. तुमच्या खात्यावर का जमा करताय?

लक्ष्मीबाई नवऱ्यामागे फरफटत ख्रिस्ती झाल्या नाहीत. १८९५ ला नवऱ्याने घेतला म्हणून १८९५ ला नाही घेतला. स्वतः विचार केला, भांडल्या, रडल्या, जातपात मनातून गळून पडली तेव्हा स्वतःच्या पायाने आल्या. देवाने त्यांना वेगळी हाक मारली, त्यांच्या वेळेला, त्यांच्या भाषेत. टिळकांच्या हाकेचं शेपूट नव्हत्या त्या. तुमच्या बायकोलाही देवाने त्या पावसाळ्यात पंचवटीत गाठलं असेल. विचारलंय का कधी तिला, तिथे काय झालं म्हणून?

आणि ज्यांच्या बायका आल्या नाहीत, त्यांच्या साक्षी कोणी मंडळीत सांगत नाही. त्यांचे संसार मोडले, गपचूप. तुम्हाला फक्त टिळक आठवतात.

नोटप्रेस_रिटायर्ड
टिळकांनी १९१७ ला मिशनचा पगारही सोडला होता, 'देवाचा दरबार' नावाचा स्वतःचा संघ काढला. तेव्हा तर संसार, मुलं, सगळं होतं. तेव्हा लक्ष्मीबाई बरोबर होत्या की नाही?

देवळालीची_मावशी
होत्या. तेव्हा त्या स्वतः विश्वासणाऱ्या होत्या, नवऱ्याचं वेड ओळखून होत्या. १८९५ आणि १९१७ मधला फरक हाच तर सांगतेय कधीची.

सुरगाणा_सेवक
ठीक आहे मावशी. बायकोला विचारलं आत्ता. काय म्हणाली ते इथे लिहिणार नाही, तिचं आहे ते. पण माझं म्हणणं सोडत नाही, काही वेळा माणूस थांबला की हाक विझते, मी पाहिलंय तसं होताना. इकडे यायचं म्हणून दरवर्षी ठरवणारे आणि दरवर्षी पुढच्या वर्षावर ढकलणारे माझ्या ओळखीत आहेत. त्यांच्या बायकांनी नाही म्हटलं नव्हतं, त्यांनीच म्हटलं.

सातपूरकर
हे मान्य, घरच्यांचं नाव पुढे करून, देवाची आज्ञा टाळून पळालेल्या योनासारखं तार्शीशचं तिकीट काढणारेही खूप आहेत. पण त्या पोरासाठी काय करायचं ते सांगा. त्याचा राजीनामा अजून पाठवलेला नाही. त्याची बायको काल आमच्या मिसेसकडे येऊन रडून गेली, म्हणाली मला सुरगाण्याची भीती नाही, हे माझ्याशी बोलत नाहीत याची आहे.

सुरगाणा_सेवक
मी रविवारी नाशकात येतोय, औषधं घ्यायची आहेत. उपासनेनंतर त्याला आणि तिला दोघांना थांबायला सांगा. माझी बायको पण येईल, ती त्याच्या बायकोशी बोलेल. मी त्याला जा किंवा जाऊ नको दोन्ही सांगणार नाही. पण इथे पावसात रस्ता बंद होतो, दवाखाना किती लांब आहे, पैसे कुठून येतात, सगळं खरं सांगेन.

देवळालीची_मावशी
मीही येते. यांना नाईट आहे, पण सकाळी सुटले की घेऊनच येते. त्या पोराने यांनाही ऐकायला हवं. आणि बोलायला आधी तिला द्या, त्याला नाही.