मदत हवी आहे: तीन देशांतल्या मुलांची सहिष्णुता एकाच मापाने मोजता येते का?

नमस्कार मंडळी,

एम.ए.च्या प्रबंधासाठी आयसीसीएस २०१६ ची माहिती वापरतेय. नागरिकशास्त्राची ही आंतरराष्ट्रीय पाहणी आयईए ही संस्था आठवीच्या मुलांमध्ये करते. मी डेन्मार्क, मेक्सिको आणि दक्षिण कोरिया घेतलेत. (भारत या पाहणीत नाही. 'आपली मुलं का नाही घेतलीस?' हे घरी रोज ऐकते, इथे नको.)

'सर्व वांशिक गटांना चांगल्या शिक्षणाची समान संधी मिळावी' याला जवळजवळ सगळेच होकार देतात, मग फरक दिसणार कुठून? उलट्या विधानांवर (ज्यांना होकार म्हणजे समानतेला नकार) वेगळाच घोळ. 'नोकऱ्या कमी असतील तर पुरुषांचा हक्क जास्त' आणि 'स्त्री-पुरुषांना समान हक्क हवेत', या दोन्हींवर 'सहमत' ठोकणारी मुलं आहेत. हे मत समजायचं की नुसती हो ला हो?

आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधल्या लव्हान पॅकेजमध्ये मल्टिग्रुप सीएफए केला (विधानं तिन्ही देशांत एकच गोष्ट सारखीच मोजतात का, याची चाचणी). मेट्रिक पायरीपर्यंत (प्रत्येक विधानाचा मूळ मताशी संबंध सगळीकडे सारखाच घट्ट) ठीक, स्केलर पायरीला (उत्तरांची मूळ पातळीही सारखी) मॉडेल माहितीशी किती जुळतं ते सांगणारा सीएफआय ०.०१ पेक्षा जास्त घसरतो. म्हणजे मनाने सारख्याच सहिष्णू असलेल्या दोन मुलांची उत्तरं केवळ देश वेगळा म्हणून वेगळी येऊ शकतात. सर म्हणतात, "देशांच्या सरासऱ्या सरळ मांड, कोण विचारतंय!" व्हायव्हाला मी बसणार आहे, सर नाही.

पार्शल इन्व्हेरियन्स घेऊ (न जुळणाऱ्या थोड्या विधानांना देशागणिक सूट, बाकीची सारखी) की अलाइनमेंट (सगळीकडे थोडा फरक चालवून घेऊन तो कमीत कमी ठेवणं)? उलटी विधानं काढून टाकू का?

प्रतिसाद:

तीनच देश आहेत, पार्शल पुरे. अलाइनमेंटचा खरा उपयोग गट पुष्कळ असतात तेव्हा. उलटी विधानं अजिबात काढू नका, हो ला हो करणारे त्यांच्यामुळेच सापडतात. त्या विधानांसाठी मॉडेलमध्ये वेगळा मेथड फॅक्टर (मतामुळे नव्हे, विधानाच्या उलट्या मांडणीमुळे येणारा परिणाम) घालून बघा. सरासऱ्यांचा हट्ट सोडलात तर मेट्रिकवरही काम होतं: वर्गात मोकळी चर्चा होते का आणि ही मतं, यांचा संबंध तिन्ही देशांत ताडून बघता येईल. वेट्स (नमुन्यातलं प्रत्येक मूल किती मुलांच्या जागी धरायचं ते आकडे) विसरू नका.

शीर्षकात 'सहिष्णुता' आहे, तिथे मात्र पकडतील. समाजशास्त्रज्ञ स्टाउफर यांनी १९५४ साली अमेरिकेत विचारलं होतं: कम्युनिस्टाला भाषण करू द्यावं का, कॉलेजात शिकवू द्यावं का, त्याचं पुस्तक ग्रंथालयात ठेवावं का? पुढे राज्यशास्त्रज्ञ सलिव्हन आणि सहकाऱ्यांनी आधी नावडता गट ज्याचा त्याला निवडायला लावला, मग त्याच्या हक्कांबद्दल विचारलं. मुळात नावड असेल तरच सहन करण्याचा प्रश्न येतो, आणि तुमच्या विधानांत ती कुठेच विचारलेली नाही. 'समान हक्कांविषयीची मतं' असं शीर्षक द्या, निम्मे प्रश्न तिथेच मिटतील.