बाबांना घेऊन चीनला जातोय, शीआनला एक दिवस पुरेल का?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी, एप्रिलमध्ये बाबांना घेऊन चीनला जायचं ठरतंय. बाबा साताऱ्याला तीस वर्षं इतिहास शिकवायचे, आता सत्तरी ओलांडलीय आणि गुडघे कुरकुरतात. हातात आठच दिवस आहेत आणि टूरवाला म्हणतोय बीजिंग पाच, शांघाय दोन, शीआन एक, मातीचे सैनिक बघायचे नि निघायचं. मला हे पटत नाहीये. कोणी जाऊन आलंय का? आम्ही शाकाहारी आहोत, ते कसं जमतं?

घाटमाथा:
एक दिवस अजिबात करू नका हो, मनापासून सांगतोय. चीनच्या पहिल्या सम्राटाच्या कबरीजवळ पुरलेले हे सैनिक १९७४ मध्ये विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना सापडले, शहरापासून साधारण ३५ किमीवर, म्हणजे जाण्यायेण्यातच बराच वेळ जातो. एक नंबरचा खड्डा २३० मीटर लांब आहे, तिथे कठड्याला एवढी गर्दी असते की लोक फोटो काढून लगेच पुढे सरकतात, पण बाबांना दोन नंबरच्या हॉलमध्ये गुडघा टेकून बसलेला धनुर्धर नक्की दाखवा, तो काचेत ठेवलाय आणि मागून बघितला की त्याच्या बुटाचा तळवा दिसतो, टाचेला आणि चवड्याला टाके दाट आणि मधे विरळ, मी तिथून हललोच नाही, २२०० वर्षांपूर्वी कोणीतरी मातीत बुटाचे टाकेसुद्धा कोरत बसलं होतं! हे सगळे रंगवलेले होते, पण बाहेर काढल्यावर कोरड्या हवेत रंगाखालचा लाखेचा थर काही मिनिटांत आक्रसून सुटायला लागतो, म्हणून तर खोदकाम इतकं सावकाश चाललंय आणि सम्राटाची मूळ कबर अजून उघडलेलीच नाही. ब्रॉन्झचे दोन रथ आता वेगळ्या म्युझियममध्ये आहेत, कबरीच्या टेकडीजवळ, शटल बसने जाता येतं, ते सोडू नका.

रानजाई:
वरच्या सगळ्याला माझं अनुमोदन, पण इतिहासाच्या सरांना घेऊन जाताय तर शीआनमधला बिग वाइल्ड गूज पॅगोडा, म्हणजे बौद्ध मनोरा, आधी लिहून ठेवा. आपण शाळेत ज्याला युआन श्वांग म्हणून शिकलो ना, तो भारतातून ६५७ ग्रंथ घेऊन ६४५ मध्ये परतला आणि ते सांभाळायला हा पॅगोडा ६५२ मध्ये बांधला. आणि हा माणूस आपल्या महाराष्ट्रात येऊन गेलेला, चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीबद्दल त्याने लिहून ठेवलंय, इथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमान झाला तर सूड घेतात असंही लिहिलंय, हर्षाला हे राज्य जिंकता आलं नाही हेसुद्धा. डोंगरात खोदलेल्या एका विहाराचं वर्णन आहे, ते अजिंठ्याचं असावं असं अभ्यासक मानतात. मी त्या अंगणात उभी होते आणि एकदम आपल्या गावचं कोणीतरी भेटल्यासारखं झालं, डोळे भरून आले. वर चढायला वेगळं तिकीट आहे, सात मजले आहेत, गुडघे बघून ठरवा, खालून बघितला तरी चालेल.

घाटमाथा:
हे मी कसं विसरलो! अगदी बरोबर. शिवाय शहराची तटबंदी, मिंग काळातली, जवळजवळ १४ किमीचा फेरा, वर सायकल भाड्याने मिळते पण बाबांसाठी बॅटरीची गाडी बघा.

दुधाळी:
व्यवहाराचं मी सांगते. पासपोर्ट कायम जवळ ठेवा, तिकिटं त्याच्यावरच निघतात. शीआनच्या इतिहास म्युझियमचं बुकिंग आधीच करा, आम्ही तसेच गेलो आणि दारातून परत आलो, अजून हळहळ वाटते. बीजिंगचा राजवाडा सोमवारी बंद असतो. चीनच्या भिंतीसाठी मुतियान्यूचा भाग घ्या, केबल कार आहे. अलीपे या पैसे भरायच्या ॲपवर कार्ड इथूनच जोडून जा. जेवणाचं म्हणाल तर "वो चर सू" म्हणजे मी शाकाहारी, हे चिनी अक्षरांत लिहून खिशात ठेवा, तरी शाकाहारी म्हणून आलेल्या भाजीत कधीकधी खिमा निघतो, विचारून घ्याच. देवळांजवळची शाकाहारी हॉटेलं उत्तम.

कृष्णाकाठ:
किती आभार मानू तुमचे सगळ्यांचे! शांघाय रद्द केलं, बीजिंग चार आणि शीआन चार, मधला प्रवास फास्ट ट्रेनने. बाबांना आत्ताच फोनवर पॅगोडाचं सांगितलं, जरा वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले पुलकेशीचा धडा मी इतकी वर्षं शिकवला, त्याच्याबद्दल ज्याने लिहिलं त्याच्या दारात जायचंय मला, कितव्या दिवशी आहे ते सांग.