पहिलं गिऱ्हाईक कोण होणार? गोव्यातल्या स्वच्छ तंत्रज्ञानाच्या धंद्यावर चर्चा

सत्तरीचा फॅब्रिकेटर

गेल्या आठवड्यात पणजीत स्टार्टअपवाल्यांच्या एका मेळाव्याला गेलो होतो. दिवसभरात तीन वक्त्यांनी एकच गोष्ट सांगितली: गोव्यात स्वच्छ तंत्रज्ञान, म्हणजे सौर ऊर्जा, विजेच्या गाड्या असे प्रदूषण कमी करणारे धंदे, वाढत नाही, कारण इथे गुंतवणूकदार नाहीत. मला हे अजिबात पटलं नाही. आमच्यासारख्यांचं अडतं ते पहिल्या गिऱ्हाइकापाशी. ते मिळालं आणि त्याने वेळेवर पैसे दिले, तर बँकसुद्धा दारात उभी करते. 2011 च्या जनगणनेत गोव्याची वस्ती 14 लाख 58 हजार होती. एवढ्या लहान राज्यात नव्या वस्तूचं पहिलं गिऱ्हाईक व्हायची ऐपत सरकारचीच आहे, आणि नेमकं तिथेच सरकार मागे राहतं.

माझा धंदा सांगतो म्हणजे कळेल. वाळपईजवळ माझी फॅब्रिकेशनची शेड आहे. आधी ग्रिल, गेट, पत्र्याची कामं करायचो. पाच वर्षांपूर्वी बायकोच्या माहेरी गेलो होतो. मे महिना संपत आलेला, अंगणभर प्लास्टिकवर कोकमाची सोलं पसरलेली, बायकांची बोटं रसाने काळी-लाल झालेली. सोलं रसात बुडवायची, उन्हात टाकायची, परत बुडवायची, असं आठवडाभर चालतं. चौथ्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं आणि "पावस आयलो!" म्हणून सगळ्या धावल्या. निम्मी सोलं भिजली, दोन दिवसांत त्यांना बुरशी आली. हंगामाची कमाई अंगणातच सडली.

त्यातून सोलार ड्रायर, म्हणजे उन्हाच्या उष्णतेवर माल सुकवणारं यंत्र, सुरू झाला. पहिल्याला जस्ताच्या पत्र्याचे ट्रे लावले. कोकमाच्या आंबटाने आठवड्याभरात जस्त खाल्लं, सोलांवर पांढरे डाग पडले, सगळा माल टाकून द्यावा लागला. मग ट्रे 304 स्टीलचे, म्हणजे आंबटाला टिकणाऱ्या स्टेनलेस स्टीलचे केले, वर पॉलीकार्बोनेटचं छत, हवा खेळवायला छोट्या पॅनेलवर चालणारा पंखा. आता तेच काम तीन दिवसांत होतं आणि मधेच सर आली तरी सोलं भिजत नाहीत.

एका सरकारी खात्याने बचतगटांसाठी बारा ड्रायर मागवले. तेव्हा वाटलं, जिंकलो. माल एप्रिलात पोचवला, बिल निघालं पुढच्या जानेवारीत. मधल्या नऊ महिन्यांत बायकोचे दागिने गहाण पडले, दोन वेल्डर सोडून गेले. त्यातला एक माझ्याच हाताखाली शिकलेला मुलगा आज कुडाळला दुसऱ्याच्या शेडमध्ये काम करतो. अशा वेळी गुंतवणूकदार येऊन काय होणार? तो माझ्या धंद्यात हिस्सा घेणार, आणि त्याचे पैसे मी सरकारच्या थकबाकीच्या खड्ड्यात ओतणार.

साळगावचं बघा. कचऱ्यातून गॅस आणि गॅसपासून वीज करणारा तो प्रकल्प 2016 मध्ये दिवसाला 100 टनांवर सुरू झाला, पुढे 250 टनांपर्यंत वाढवला. कचरा कोण देणार आणि पैसे कोण मोजणार हे आधीच ठरलेलं होतं, म्हणून तो उभा राहिला. मोठ्याला जी हमी मिळते ती छोट्याला का नको?

पर्वरीचा सीए

फॅब्रिकेटरबाब, तुमचं दुखणं खरं आहे, औषध मात्र चुकतंय. ज्या गिऱ्हाइकाने तुम्हाला जवळजवळ बुडवलं, त्यालाच आणखी माल विकायचा? मी गुंतवणुकीच्या कामात आहे. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, सरकारकडून येणारा पैसा एकूण विक्रीच्या तिसऱ्या हिश्शावर जाऊ देऊ नका.

छत्रपती संभाजीनगरची एसफोरएस टेक्नॉलॉजीज बघा. त्यांचाही पाया सोलार ड्रायरच. पण ड्रायर विकून ते मोकळे झाले नाहीत. गावातल्या बायकांकडून माल सुकवून घेतात, तो विकत घेतात आणि खाद्यपदार्थांच्या कंपन्यांना पुरवतात. पर्यावरणाच्या कामासाठीचा 2023 चा अर्थशॉट पुरस्कार, 10 लाख पौंडांचा, त्यांना मिळाला. तुम्ही यंत्र विकताय, त्यांनी सुकलेला माल विकला.

आणि गुंतवणूकदार नाहीत हे म्हणणं खोटं नाही. अमेरिकेत 2006 ते 2011 या काळात व्हेंचर फंडांनी, म्हणजे नव्या कंपन्यांत जोखमीचा पैसा घालणाऱ्यांनी, स्वच्छ तंत्रज्ञानात 25 अब्ज डॉलर घातले आणि निम्म्याहून जास्त गमावले. फंडाची मुदत साधारण दहा वर्षांची असते. नवी बॅटरी किंवा नवं पॅनेल प्रयोगशाळेतून कारखान्यात जाईपर्यंतच तेवढी वर्षं जातात. बिल गेट्स यांनी 2016 मध्ये ब्रेकथ्रू एनर्जी व्हेंचर्स काढली ती वीस वर्षांच्या मुदतीची, कारण या कामाला धीराचा पैसा लागतो. तसा पैसा गोव्यात यावा म्हणून मेळावे घेतले तर त्यात चूक काय?

सत्तरीचा फॅब्रिकेटर

पर्वरीकरबाब, एसफोरएसबद्दल मला आदर आहे. पण त्यांना लागणारा कांदा, टोमॅटो बारा महिने मिळतो. कोकमाची झाडं रानात आणि परसात विखुरलेली, हंगाम जेमतेम दोन महिन्यांचा. एवढ्याशा मालासाठी कुठली कंपनी सत्तरीत गाडी पाठवणार? मेळाव्याला माझा विरोध नाही. तिथे दिवसभरात एकाही वक्त्याच्या तोंडी थकलेल्या बिलाचा शब्द आला नाही, त्याचा मला राग आहे.

फोंड्याचा निवृत्त वीज अभियंता

मी तुमच्या दोघांच्या मधला नाही, तिसऱ्याच बाजूचा आहे.

सरकार गिऱ्हाईक झालं की काय होतं ते आपण सौर विजेत बघितलं. 2010 मध्ये राष्ट्रीय सौर मिशन सुरू झालं तेव्हा केंद्रीय वीज नियामक आयोगाने धरलेला दर युनिटला 17 रुपये 91 पैसे होता. त्याच वर्षाच्या शेवटी लिलावात बोली 10 रुपये 95 पैशांपर्यंत उतरली. 2020 च्या डिसेंबरात गुजरातेत ती 1 रुपया 99 पैशांवर आली. जगभर पॅनेल स्वस्त झाली हे मोठं कारण. पण दुसरं कारण, 25 वर्षांच्या वीजखरेदी कराराचा कागद हातात असला की बँक कर्ज देते. इथपर्यंत फॅब्रिकेटर बरोबर आहेत.

आता पुढचं. त्या लिलावांत टिकले कोण? मोठे. सरकारी खरेदी एल-वनला जाते, म्हणजे सगळ्यात कमी बोलीला. निविदेत "धातूचे ट्रे" एवढंच लिहिलेलं असलं तर तुमचं 304 स्टील जस्ताच्या पत्र्यापुढे पहिल्या फेरीतच हरेल. तुम्ही एक हंगाम फुकट घालवून जे शिकलात त्याला त्या कागदावर किंमत नाही. सरकार गिऱ्हाईक व्हावं असा हट्ट धराल, तर डाग पाडणारे शंभर ड्रायर सत्तरीत येतील आणि दोन वर्षांत बायका म्हणतील, सोलार ड्रायर वाईट.

म्हणून घरांच्या छतावर सौर पॅनेल बसवायच्या पीएम सूर्यघर योजनेची रीत मला बरी वाटते. दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे 30 हजार, तीन किंवा त्याहून जास्त असेल तर एकूण 78 हजार. हे अनुदान घरमालकाच्या खात्यात येतं आणि पॅनेल कोणाकडून बसवायचं ते तो नोंदणी झालेल्यांमधून स्वतः निवडतो. ड्रायरलाही तसंच करा. पैसे बचतगटाच्या खात्यात द्या आणि ट्रे कुठले चांगले ते बायकांना ठरवू द्या. कोकमाला काय चालतं हे त्यांच्याइतकं कुठल्या खात्याला कळतं?

कळंगुटचा रेंट-अ-बाईकवाला

सरकार स्वतः गिऱ्हाईक होत नाही, आम्हाला हुकमाने गिऱ्हाईक करतं. 2023 च्या जुलैत मुख्यमंत्र्यांनी जाहीर केलं की जानेवारी 2024 पासून भाड्याच्या नव्या गाड्या विजेवरच्याच. मी आधीच दोन विजेच्या स्कूटर घेतल्या होत्या, हौसेने. पर्यटक पहिला प्रश्न विचारतो, पार दक्षिणेच्या पाळोळ्याला जाऊन परत येता येईल ना? एका चार्जवर नाही येता येत. खोटं बोलून गाडी देणं मला जमत नाही. तो शेजारची पेट्रोलची घेऊन जातो. वाटेवर भरवशाचे चार्जर आधी आणि हुकूम नंतर, असा क्रम असता तर मी आज दहा घेतल्या असत्या.

फर्मागुढीची विद्यार्थिनी

काका, गिऱ्हाईक हाच एक प्रश्न असल्यासारखं तुम्ही लिहिलंय. मला ते मान्य नाही.

आम्ही तिघी मासळीसाठी खोका बनवतोय. मासे विकणारी बाई पहाटे बर्फ विकत घेते आणि दुपारपर्यंत त्यातला निम्मा वितळून गटारात जातो. खोक्याच्या भिंतींत आम्ही मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या घातल्या. त्या रात्री गोठवायच्या, दिवसभर थंडावा धरतात. पहिल्या खोक्याची पट्टी फुटली. दुसरा इतका जड झाला की बाईला टेम्पोत चढवता येईना. तिसऱ्याला वास धरला. ह्या तिन्हींना कोणतंच गिऱ्हाईक पैसे देणार नव्हतं, आणि देऊही नये. तो खर्च कोणी करायचा?

तुमचा जस्ताचा ड्रायर वाया गेला तेव्हा तुमच्याकडे स्वतःची शेड होती, ग्रिल-गेटची कमाई होती. आमच्याकडे काही नाही. आम्हाला फातोर्ड्याचं फायर, वेर्ण्याचं सिबा, सांखळीच्या जीआयएम या व्यवस्थापन संस्थेचं केंद्र अशा इनक्युबेटरांची, म्हणजे नव्या धंद्यांना हात देणाऱ्या केंद्रांची, दारं ठोठवावी लागतात. केंद्राने 2021 मध्ये आणलेल्या सीड फंड योजनेत नमुना तयार करायला 20 लाखांपर्यंत मदतीची सोय ठेवली होती, पण ती इनक्युबेटरमार्फतच. तुम्ही मेळाव्यांवर रागावता तेव्हा ही दारंसुद्धा बंद करा असं कोणी म्हणेल, याची मला भीती वाटते. माझ्या वर्गातले चौघे बंगळुरूला गेले, कारण तिथे चुकायला पैसा मिळतो.

डिचोलीचा निवृत्त लेखाधिकारी

तीस वर्षं बिलं पास केली, म्हणून लिहितो. फॅब्रिकेटरबाब, तुमचं बिल बहुतेक कोणाच्या वाईट मनाने अडलं नसावं. माल एप्रिलात दिलात तिथेच गाडी अडली. ऑर्डर आदल्या आर्थिक वर्षातली असणार. 31 मार्चला न वापरलेली तरतूद परत जाते. मग नव्या वर्षात परत मंजुरी, परत फाईल, आणि सुधारित अंदाजपत्रक हातात येईपर्यंत डिसेंबर उजाडतो. जानेवारीत पैसे आले यात मला नवल वाटत नाही.

तरीही कायदा तुमच्या बाजूने आहे. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे 45 दिवसांच्या वर कोणालाही छोट्या उद्योगाचं बिल थकवता येत नाही, सरकारी खात्यालाही नाही. माल पोचल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर माल स्वीकारला असंच धरतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या चक्रवाढीने. अशा थकबाकीसाठी असलेल्या सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे अर्ज करता येतो. तिच्या निवाड्याला कोर्टात आव्हान द्यायचं तर खरेदीदाराला आधी 75 टक्के रक्कम भरावी लागते. तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारी नोंद, होती का? असली तर अर्ज का केला नाहीत?

अभियंत्यांशीही माझं पटत नाही. पैसे गटाच्या खात्यात दिले की सगळं सरळ होतं असं नाही. खोटी बिलं लावून अनुदान उचलल्याची प्रकरणं मी स्वतः तपासली आहेत. चांगली निविदा लिहिता येते. "304 दर्जाचे स्टील" हे तीन शब्द टंकायला किती वेळ लागतो? ते लिहिणारा माणूस खात्यात हवा, आणि त्याने वाळपईला येऊन एकदा ड्रायर उघडून बघायला हवा.

सत्तरीचा फॅब्रिकेटर

लेखाधिकारीबाब, नोंदणी होती. ऑर्डर हातात पडली 20 फेब्रुवारीला. बारा ड्रायर 31 मार्चच्या आत द्यायला रात्रपाळी केली, तरी पॉलीकार्बोनेट बेळगावहून यायला उशीर झाला. अर्ज केला नाही, कारण पुढच्या वर्षी त्याच खात्याच्या त्याच टेबलासमोर मला बसायचं होतं. माझ्यासारखे दहा जण तुम्हाला हेच सांगतील. व्याज मिळेल, पण ऑर्डर जाईल.

अभियंत्यांचं वाचून काल सासुरवाडीला फोन केला. मेव्हणीच्या गटातल्या बायकांना विचारलं, पैसे तुमच्या खात्यात आले तर काय कराल? त्या म्हणाल्या, बारा कशाला, आधी एकच घेऊ. एक हंगाम कोकमं, मग फणसाचे गरे, मग सुकी मासळी करून बघू. पटला तर दुसरा. माझ्या बाजूने बघितलं तर बाराची ऑर्डर एकावर आली. पण एकाचे पैसे त्याच दिवशी मिळणार असतील तर मला एकसुद्धा चालेल. त्यावर मी एक वेल्डर ठेवू शकतो.

फर्मागुढीच्या बाय, तुझं म्हणणं मला लागलं. माझी चूक माझ्या ग्रिल-गेटने भरून काढली हे खरंच, तसा विचार मी केला नव्हता. चौथा खोका घेऊन वाळपईला ये. 304 चे तुकडे शेडमध्ये पडलेले असतात, आतल्या अस्तराला चालतील आणि वास धरणार नाहीत. वजन वाढू नये म्हणून पत्रा पातळ घेऊ. शनिवारी दुपारनंतर बेंडिंगचं मशीन मोकळं असतं.