मदत हवी आहे: जॉबचार्टपलीकडचं (नेमून दिलेल्या कामांच्या यादीबाहेरचं) काम माणसं आपणहून कधी करतात?

दापोलीकडच्या किनारपट्टीत एका सरकारी कार्यालयाचा प्रमुख आहे. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर माझ्या कार्यालयातली हीच माणसं वीज नाही, रेंज नाही अशात पंचनाम्यांसाठी वाडीवाडी फिरली. आडव्या झालेल्या पोफळी मोजताना कुणी ‘हे माझ्या टेबलाचं काम नाही’ म्हणालं नाही. आता एखाद्या आजीला फॉर्म भरून द्या म्हटलं तरी जॉबचार्ट पुढे येतो.

मासिक सभेत कौतुक केलं, पत्रही दिलं. झालं उलटंच. ज्याचं नाव घेतलं त्याच्याच टेबलावर बाकीच्यांच्या फायली सरकल्या. आता त्यानेही हात आखडता घेतलाय, आणि त्याचं चुकतंय असं मला वाटत नाही.

बक्षीस, बदली, बढती माझ्या हातात नाही. प्रत्येकाच्या कामाचा गोपनीय अहवाल लिहितो, पण तो वर्षातून एकदा. पदं रिक्त आहेत, तेव्हा ‘माणसं वाढवा’ हा सल्ला नको. जाहीर सत्कारही नको, वर्तणूक नियमांत पूर्वपरवानगीची भानगड आहे. सक्ती तर नकोच (मग ते आपणहून कसलं?).

कामाची वाटणी कर्मचाऱ्यांनाच ठरवू देणं, की ज्या लोकांचं काम झालं त्यांचे शब्द थेट कर्मचाऱ्यांपर्यंत पोचवणं: तुमच्याकडे प्रत्यक्षात काय चाललं? आणि करणाऱ्यावरच बोजा पडू नये म्हणून काय केलंत?