डॉक्युमेंटवरून क्वेरी सिद्ध करायची म्हणजे नेमकं काय?

कोराकागद: एमएस्सी सीएसच्या सेमिनारला आयआरमधली (इन्फर्मेशन रिट्रीव्हल, म्हणजे क्वेरीला जुळणारी डॉक्युमेंट्स शोधणं) लॉजिकल मॉडेल्स घेतलीयेत. त्यातले संशोधक व्हॅन राइसबर्गन १९८६ च्या पेपरात म्हणतात की डॉक्युमेंट डी वरून क्वेरी क्यू निघते का, म्हणजे 'डी तर क्यू' याची प्रोबॅबिलिटी किती, ते बघा. मग साधं ट्रुथ टेबलवालं इम्प्लिकेशन ('तर'वालं वाक्य) का नाही चालत? मला तर ते सोपं आणि स्वच्छ वाटतंय.

तळटीप: कारण त्यात डी खोटं असलं की अख्खं वाक्य खरं होतं. एखाद्या पानावर 'मॅन्कोझेब हे कीटकनाशक आहे' असं चुकीचं छापलंय (ते बुरशीनाशक आहे), तर त्या हिशोबानं ते पान जगातल्या कुठल्याही क्वेरीला रेलेव्हंट, रेल्वेच्या टाइमटेबललासुद्धा! त्याआधी १९७१ मध्ये आयआरमधल्याच कूपरनं रेलेव्हन्सची व्याख्या दिलेली ती वाच, फार देखणी आहे: उत्तर सिद्ध करायला जेवढी कमीत कमी विधानं लागतात त्या संचात तुझं वाक्य असेल तर ते रेलेव्हंट. पण तिथं एकतर आहे नाहीतर नाही, कमीजास्त असं काही नाही, मग रँकिंग कसं लावणार?

उलटसुलट: वरच्यात भर. क्वेरी आहे 'कांद्यावरच्या बुरशीला औषध', पानावर फक्त 'कांद्याच्या करप्यावर मॅन्कोझेब फवारा'. नुसत्या पानावरून क्वेरी निघत नाही, पण 'करपा हा बुरशीजन्य रोग' एवढं एकच वाक्य घातलं की निघते. राइसबर्गनचं तत्त्व हेच, कमीत कमी किती माहिती घालावी लागते त्यावरून अनिश्चितता मोजायची, आणि माझ्या मते त्या पेपरात टिकणारी गोष्ट हीच आहे, सेमिनारचा निम्मा वेळ यालाच दे.

कोराकागद: भारी, आत्ता कळलं! मग सरळ कंडिशनल प्रोबॅबिलिटी (डी खरं धरून क्यूची शक्यता) घेऊन टाकू का?

तळटीप: तिथं तत्त्वज्ञ डेव्हिड लुईस आडवा येतो. त्यानं १९७६ मध्ये दाखवलं की 'तर'वाल्या वाक्याची प्रोबॅबिलिटी सगळीकडे कंडिशनलएवढी धरली तर फक्त क्षुल्लक केसेस उरतात. म्हणून क्रेस्तानी आणि राइसबर्गननी १९९५ ला इमेजिंग आणलं, पानात नसलेल्या शब्दाचं वजन (त्याला दिलेली प्रोबॅबिलिटी) पानातल्या सगळ्यात जवळच्या शब्दाकडे सरकवायचं, म्हणजे 'बुरशी'चं 'करपा'कडे, आणि मग क्वेरीतल्या शब्दांवर किती वजन जमलं ते मोजायचं.

उलटसुलट: पण मग क्वेरीत नुसतं 'बुरशी' असेल तर ते पान शून्यच! सगळं वजन पानातल्या शब्दांवर जाऊन बसलं, क्वेरीतला शब्द कोराच राहिला. हे बोर्डावर तीन शब्द घेऊन करून दाखव, परीक्षक नक्की विचारतील.